तांड्यातला तांडेल

ज्येष्ठाच्या उन्हात फुलसावंगीच्या फाट्यावर एसटी थांबायची, टपावरून गोणपाटाचं एक गाठोडं खाली यायचं, आणि त्याच्या वासानं पानठेल्यासमोर झोपलेली कुत्री एकेक करत उठून उभी राहायची. गाठोड्यामागून उतरायचा तो माझा बा. वाऱ्यानं आणि खाऱ्या पाण्यानं चामडं झालेला चेहरा, दोरखंडानं चिरलेले तळहात, आणि अंगाला असा एक गंध की जो आमच्या काळ्या मातीत, सागाच्या टेकड्यांत, पळसाच्या रानात कुठेच नव्हता... सुक्या बोंबलांचा, डिझेलचा, ओल्या लाकडाचा आणि आणखी कशाचा तरी. ते आणखी काहीतरी म्हणजे समुद्र, हे मला फार उशिरा कळलं.

फाट्यापासून आमचा तांडा तासाभराच्या पायवाटेवर. वाटेत नाला, मग मोहाची दोन झाडं, मग आमचं शेत. त्या उन्हात नांगरून पडलेल्या ढेकळांवरून बा चालत यायचा आणि घरात शिरण्याआधी शेताच्या कडेला जरा थांबायचा. एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडायचा, हुंगायचा. याडी – म्हणजे माझी आई, आमच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात – दारातून हे सगळं पाहत असायची, पण पुढे यायची नाही. चुलीवर आधण ठेवून ती नुसती उभी राहायची. तिच्या फेटियावरचे, म्हणजे घागऱ्यावरचे, आरसे उन्हात लखलखायचे आणि त्यांचे कवडसे कुडाच्या भिंतीवर थरथरत राहायचे.

बा समुद्रावर कसा गेला, याची गोष्ट तांड्यात सगळ्यांना ठाऊक होती. लग्नाआधी तो टोळीबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला जायचा. एका वर्षी ऊस संपला, टोळी परतली आणि हा मात्र एका सोबत्याच्या नादानं घाट उतरून रत्नागिरीकडच्या एका बंदरावर बर्फ फोडायच्या कामाला लागला. तिथे एका बोटीला खलाशी कमी पडला... आणि ज्यानं जन्मात नाल्यापेक्षा खोल पाणी पाहिलं नव्हतं, ज्याला पोहता येत नव्हतं, तो माणूस खोल समुद्रात गेला. लोक हसले. पण तांड्यातले म्हातारे हसले नाहीत. आपले वाडवडील बैलांच्या पाठीवर किनाऱ्यावरून मीठ वाहून आणायचे, लवण वाहायचे म्हणून आपण लमाण, असं ते सांगत. मिठामागं गेलेलं हे आपलं पहिलं माणूस नाही, असं म्हणून ते चिलीम पेटवत.

आमच्या घराची रीत त्यामुळे जगाहून उलटी झाली. जूनमध्ये माशांची पैदास व्हावी म्हणून समुद्रातली मासेमारी बंद होते आणि नेमकं तेव्हाच आमचं शेत उघडतं. बा यायचा तो पेरणीला. कपाशी टोबायची, सोयाबीन पेरायचं, मधून तुरीचे तास धरायचे, निंदण, डवरणी, आणि श्रावण लागला, समुद्र पुन्हा खुला झाला की बा निघायचा. त्यामुळे पोळ्याला आमचे बैल याडीच सजवायची, दिवाळीचा दिवा तीच लावायची, आणि कापूस फुटला की वेचणीलाही तीच. बापानं पेरलेलं त्याला उगवलेलं दिसायचं, पण पिकलेलं कधी दिसायचं नाही.

समुद्राचे महिने त्यानं मला शेताच्या महिन्यांवरून शिकवले. बाजेवर पडल्या पडल्या, डवरणीनं दुखणारी पाठ याडीकडून तुडवून घेत तो सांगायचा – सोयाबीनला शेंग धरते तवा पापलेट आन् कोळंबी. तुरीले फूल आलं की बांगडा, थवेच्या थवे, पान्यावर चांदी पसरल्यावानी. कापूस फुटते तवा म्हाकूळ आन् सुरमई. आन् इकडं मोह गळाले लागला की मासा खोल जाते, मग बोटीलेबी त्याच्यामागं दूर जा लागते, जिथून जमीन दिसत नाही. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, मग हिरवं, मग निळं आणि त्यापुढं काळं, असं तो म्हणायचा. मी आमच्या मातीकडे बघायची. काळं म्हणजे मला ठाऊक होतं. म्हणून मला समुद्र कधी परका वाटला नाही... तो मला दूरचं एक शेतच वाटायचा, ज्यात माझा बा एकटा राबतो.

एका गोष्टीचं मला फार नवल वाटे. त्याच्या बोटीच्या मालकाला, जो स्वतःच बोट हाकायचा, बा ‘तांडेल’ म्हणायचा. दत्ताराम तांडेल. मला वाटे, तांड्याचा जो नायक तो तांडेल, म्हणजे तिकडेही आपल्यासारखाच एक तांडा आहे आणि तो पाण्यावर चालतो. बा हसायचा, पण मग विचारात पडून म्हणायचा की तसंच हाय म्हन, बाई, तो पुढं असला तं मांगच्याले झोप येते.

मी पाचवी-सहावीत असेन त्या वर्षी दिवाळी उरकली होती. कापूस असा फुटला होता की शेताकडे पाहवत नव्हतं. पहाटेच्या दवात बोंडं ओली, मऊ, आणि ऊन चढलं की सगळं पांढरं रान हळूहळू कोरडं होत कुरकुरायचं. आभाळ निवळशंख. वारा म्हणून पान हलत नव्हतं. घरात एक छोटा रेडिओ होता, बापानंच आणलेला. याडी तो वेचणीच्या ओट्यात, कमरेला बांधलेल्या झोळीत, घालून शेतात न्यायची. तिला मराठी बातम्यांतलं सगळं कळायचं नाही, पण ‘कोकण किनारपट्टी’ आणि ‘मच्छिमारांनी खोल समुद्रात जाऊ नये’ एवढं कळायचं. हे शब्द आले की ती हात थांबवायची आणि पुढची बातमी लागली की पुन्हा वेचू लागायची.

त्या दिवशी ती वेचू लागली नाही. वादळ उत्तरेकडे सरकतंय, गेलेल्या बोटींनी जवळच्या बंदराला लागावं, असं काहीसं सांगितलं गेलं. डोक्यावरच्या त्या स्वच्छ निळ्या आभाळाखाली, गुडघाभर पांढऱ्या कापसात ती उभी होती आणि ओटा सुटून वेचलेला कापूस पुन्हा तिच्या पायाशी पडला होता, ते तिला कळलंच नाही.

गावातल्या एसटीडीवरून बंदरावरच्या एका दुकानात फोन लावता यायचा. तो लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं की बऱ्याच बोटी आल्या, काही गुजरातकडे लागल्यात असं ऐकतो, दत्ताराम तांडेलाची अजून काही खबर नाही. याडीनं फोन ठेवला. त्याच आठवड्यात ऊसतोडीची टोळी ट्रकनं कोल्हापूरकडे निघणार होती. याडी मुकादमाच्या दारात गेली आणि आम्हा दोघींना घेऊन चला, म्हणाली. मुकादम तिला समजावू लागला – कापूस उभा आहे, चार दिवसांनी झडून मातीत जाईल, आणि तिथे जाऊन तू करणार काय.

याडी म्हणाली, “कापूस दुसऱ्या साली अजून येते.”

मुकादमानं ट्रकमध्ये जागा केली.

त्या प्रवासाचं मला तुटक तुटक आठवतं. ट्रकमधल्या भांड्यांचा खडखडाट, कोंबड्या, गोधड्या, चुलीचे दगडसुद्धा बरोबर घेतलेली माणसं. टोळी मागं राहिल्यावर दोघींनीच धरलेली एसटी. घाटातलं ते धुकं आणि हिरवेपण, इतकं की डोळ्यांना दुखावं... आणि मग उतारावर एकाएकी तो वास. बापाच्या गाठोड्याचा वास. गाठोडं नव्हतं, पण वास सगळीकडे होता – रस्त्याला, घरांना, हवेलाच. मी याडीचा हात घट्ट धरला. तिनंही धरला.

बंदरावर तिच्या फेटिया-कांचळीकडे, हातातल्या पांढऱ्या बलोया बांगड्यांकडे बायका वळून वळून पाहत होत्या. आम्ही कोण हे सांगावं लागलं नाही. एक उंच, सावळी बाई गर्दीतून पुढे आली आणि बापाचं नाव घेऊन तिनं विचारलं, त्याच्याच ना गं तुम्ही? ती पार्वतीमावशी, दत्ताराम तांडेलाची बायको. तिनं आम्हाला घरी नेलं. कौलारू, बसकं घर. अंगणात वाळत घातलेली जाळी, आणि दारात माझ्याच वयाची एक मुलगी, सुलभा, जी माझ्या याडीच्या आरशांत स्वतःचा चेहरा शोधत होती.

त्या घरात आम्ही राहिलो. सकाळी उजाडलं की दोघी बाया धक्क्यावर जायच्या, आम्ही दोघी त्यांच्यामागून. समुद्र माझ्या कल्पनेसारखा नव्हताच. तो शेतासारखा स्थिर नव्हता. वादळ पुढं निघून गेलं होतं तरी त्याच्या पोटात काहीतरी अजून उलटंपालटं होत होतं. मातकट, फेसाळ, मोडक्या फळ्या आणि माडाच्या झावळ्या आणून आपटणारा. आम्ही पोरी त्याच्याकडे टक लावून बसायचो. पहिल्या दिवशी याडीनं ताटाला हात लावला नाही, तेव्हा पार्वतीमावशीनं भाताचा घास तिच्या हातात दिला.

“बाय, आधी जेव. दर्याकडे बघून पोट भरत नाय.”

बोटी येत होत्या. कुणाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, फुटलेली, कुणाची केबिन वाहून गेलेली. प्रत्येक बोटीला बायकांचा एक घोळका पुढं धावायचा आणि उरलेला घोळका जरा लहान व्हायचा. आणि मग एका दुपारी, ओहोटीच्या वेळी, क्षितिजाशी एक ठिपका दिसला. मला तो दिसायच्या आधीच पार्वतीमावशी उठून उभी राहिली होती. आपली बोट ओळखायला तिला रंग लागत नव्हता. सुलभा नाचू लागली, मीही. बोट जवळ आली. जवळ आली, तसे केबिनवरचे मोडलेले बांबू दिसले, माणसं दिसली, आणि चाकावर उभा असलेला माझा बा दिसला.

चाक नेहमी तांडेलाच्या हातात असतं, हे मला कुठं ठाऊक होतं? मी आनंदानं ओरडत होते. सुलभा ओरडायची थांबली होती.

बा धक्क्यावर उतरला. आमच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. तो थेट पार्वतीमावशीसमोर जाऊन उभा राहिला आणि जसं घडलं तसं सांगितलं. त्यानं ते पुढे कधीच पुन्हा सांगितलं नाही, म्हणून मला ते त्या दिवशीच्या त्याच्या फाटक्या आवाजातच आठवतं. वादळात जाळ्याची दोरी बोटीखालच्या पंख्यात गुंतली, इंजिन बंद पडलं, बोट लाटांना आडवी झाली. कुणीतरी मागच्या बाजूनं खाली उतरून दोरी कापायला हवी होती. पाळी बापाची होती. त्यानं सुरी घेतलीही होती. तांडेलानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. ‘तुला पवता नाय येत, तू चाक धर,’ म्हणाला, कमरेला दोर बांधला आणि उतरला. दोरी त्यानं कापली. इंजिन लागलं, बोट लाटेला सामोरी वळली. मग मागून एक लाट आली. दोर ओढला तेव्हा तो हलका होता.

पार्वतीमावशी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “चाक सरळ धरलंस?”

“धरलं,” बा म्हणाला.

“मग झालं.”

ती वळली आणि घरी गेली. त्या दिवशी ती रडली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माणसं येत होती, जात होती. ती माजघरात भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे, बोलावलं तर ओ देणारी, पाणी दिलं तर पिणारी. शेजारणी कुजबुजू लागल्या की हिला रडवा, नाहीतर ही जायची. त्यांनी नाना परीनं सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आमच्या गोर बायांची एक रीत आहे. लेक सासरी निघाली, बहीण फार वर्षांनी भेटली, किंवा घरातलं माणूस गेलं, की त्या एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. रडता रडता शब्द जोडत जातात, आणि त्या शब्दांतून सगळं सांगून टाकतात, जे एरवी तोंडानं सांगता येत नाही. याडी आत गेली. तिनं पार्वतीमावशीला कवेत घेतलं, आपल्या ओढणीचा छांटिया दोघींच्या डोक्यावरून ओढला आणि तो सूर लावला. कोकणातल्या त्या घरात तो सूर आजवर कुणी ऐकला नव्हता. सुलभानं माझा दंड धरला.

“तुझी आई काय म्हणते?”

मी ऐकून ऐकून तिला मराठीत सांगत गेले. ती म्हणते, बाई, तुझा धनी भावासारखा आडवा झाला... माझं घर राखलं आणि तुझं उघडं पडलं... मी तुझ्या चुलीपाशी बसू कशी, आणि उठून जाऊ तरी कशी... सुलभा ऐकत होती, आणि आत तिच्या आईला यातला एक शब्दही कळत नव्हता. पण थोड्या वेळानं त्या एका सुरात दुसरा सूर मिसळला. आधी घोगरा, अडखळता. मग तो मोठा झाला, आणि मग दोन्ही आवाज वेगळे ओळखू येईनासे झाले.

आम्ही तांड्यावर परतलो तेव्हा मोकळं रान बघायची मनाची तयारी करूनच परतलो होतो. पण कापूस झडला नव्हता. तांड्यातल्या बायांनी आपापली वेचणी सांभाळून आमचाही वेचला होता आणि घरात छतापर्यंत रचून ठेवला होता. त्या हिवाळ्यात मी त्याच्यावरच झोपायची. बा पहिल्यांदा तूर सोंगायला घरी होता. तो सगळी कामं करायचा. पण घागर भरताना पाण्यात वाकलेला असला की मध्येच थबकायचा.

पेरण्या झाल्या, डवरणी झाली. श्रावण आला. त्यानं गाठोडं बांधलं नाही, कुणी विचारलंही नाही. आणि मग एका संध्याकाळी मी पाहिलं तर याडी त्याचं गाठोडं बांधत बसली होती. घोंगडं, दोन सदरे, वाटेसाठी बाट्या.

“मले नाही जमत आता,” बा म्हणाला.

“बोट वाळूवर सडून राह्यली,” याडी म्हणाली. “त्या बाईच्या घरी चाक धराले कोन हाय?”

“तुले भेव नाही लागत?”

ती बराच वेळ गाठ मारत राहिली. “लागते,” ती म्हणाली. “लई लागते. पन जा.”

तो गेला. पुढची कितीतरी वर्षं तो जात राहिला, आता खलाशी म्हणून नाही, तांडेल म्हणून. पार्वतीमावशीची बोट हाकत. सुलभा शिकली, तिचं एका दर्यावर्दी घरात लग्न झालं, जावयानं बोट हाती घेतली, तेव्हाच बा कायमचा घरी आला. तोवर तांडा त्याला तांडेलच म्हणू लागला होता. याडीनं त्या वर्षांतली प्रत्येक वेचणी रेडिओ ओट्यात घालूनच केली.

आज मी वणीला असते, शाळेत शिकवते. खिडकीच्या कठड्यावर रोज खाणींतली कोळशाची पूड साचते. बा तांड्यावरच आहे, थकलाय. पार्वतीमावशी गेली. सुलभाचा मात्र फोन येतो, आणि आम्ही पिकापाण्याचं बोलावं तसं समुद्राचं बोलतो. तिचं बोलणं अलीकडे निराळं झालंय. पापलेट नावाला उरलं, म्हणते. तारली एखाद्या वर्षी येते, एखाद्या वर्षी तोंडच दाखवत नाही. बांगडा उशिरा आणि बारीक. झगझगीत दिवे लावून मोठ्या बोटी समुद्र खरवडून नेतात. बाकीच्यांना दूर, त्या काळ्या पाण्यापलीकडे जावं लागतं, आणि पंधरवड्याला एक याप्रमाणे वादळाचे इशारे, अर्धा हंगाम बोट धक्क्यालाच. पूर्वी समुद्राला महिने होते गं, ती म्हणाली, आता नुसते दिवस आहेत. मी तिला आमच्याकडच्या कपाशीचं, अवेळी भिजून काळ्या पडणाऱ्या बोंडांचं सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात याडी आजारी पडली. शेवटचे काही आठवडे ती माझ्याकडे वणीला होती. सुलभानं फोनवर विचारलं होतं की मावशीला आमचा समुद्र आठवतो का, विचार तिला. एका दुपारी केसांना तेल लावता लावता मी विचारलं. एवढे दिवस धक्क्यावर बसलो होतो आपण, तुला समुद्र कसा वाटला होता?

याडीनं आठवून पाहिलं. मग जरा नवलानं माझ्याकडे बघत म्हणाली, “समुद्र मी कुठं पाह्यला? मले पान्यातलं काय समजते. मी तं त्या बाईच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. बोट आली असती, तं आधी तिच्या तोंडावर दिसली असती.”

तेलाचा हात तिच्या विरळ केसांत तसाच राहिला. खाली रस्त्यावरून ट्रक जात होते.

“आन् दिसली,” ती म्हणाली.